पश्चिमेची खिडकी आणि सोलापुरी चादर

२०१४ सालच्या ऑगस्टमध्ये मी चिपळूणहून सोलापूरला शिकायला आले, तेव्हा माझ्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांची दोन पाकिटे होती. कोकणातल्या घरात पावसाळ्यात कपाट उघडले की चपलेवरही बुरशी दिसते, त्यामुळे मुलगी परगावी निघाली म्हणजे तिच्या कपड्यांत गोळ्या हव्यातच, असे आईचे मत होते. चिपळूणला एकट्या जुलैत जेवढा पाऊस पडतो तेवढा सोलापूरला अख्ख्या वर्षातही पडत नाही, हे तिला कोणी सांगितले नव्हते आणि मलाही त्याचा अर्थ मार्चपर्यंत कळला नव्हता.

होस्टेलमधली खोली तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे अगदी वरच्या. तीन लोखंडी खाटा, तीन टेबले, भिंतीतली तीन कपाटे, एक पंखा, एक पांढरी ट्यूब आणि पश्चिमेला एक मोठी खिडकी. माझ्या दोन सोबतिणींपैकी एक मंगळवेढ्याची होती आणि दुसरी अक्कलकोटची. दुसरीच्या घरी कन्नड बोलत, म्हणून वरच्या वर्गातल्या सगळ्या मुली तिच्या तोंडी ‘अक्का’ झाल्या आणि महिन्याभरात आमच्याही. पहिल्या आठवड्यात मी घरची आठवण म्हणून माझ्या बाजूची भिंत सजवली. अंगणातल्या आंब्याचे, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांचे, आजीचे असे बारा-पंधरा फोटो दुहेरी चिकटपट्टीने लावले आणि त्यांच्याभोवती दिव्यांची माळ सोडली. मला वाटते, होस्टेलमध्ये नवीन आलेली प्रत्येक मुलगी हेच करते. वर्षअखेरीस त्या पट्ट्यांबरोबर रंगाचे पापुद्रे निघाले आणि अनामत रकमेतून पैसे कापले गेले, पण त्याआधीच मला कळून चुकले होते की फोटोंकडे पाहून घराची आठवण अधिकच येते, खोली मात्र होती तशीच परकी राहते.

खोली खरी हाताळायला लागलो ती पाण्यामुळे. सोलापूरला पाणी उजनी धरणातून, शंभरेक किलोमीटरवरून येते आणि शहरात ते रोज सुटत नाही. तेव्हा तीन-चार दिवसांआड यायचे. आमच्या इमारतीत टाक्या असल्या तरी नळ सकाळ-संध्याकाळ तासभरच चालत. म्हणून खोलीत सर्वांत आधी जागा ठरते ती बादल्यांची. आम्ही तीन बादल्या आणि एक झाकणाची कळशी दाराशेजारच्या कोपऱ्यात मांडली, टेबले तिथून हलवली, आणि या मांडणीमुळे मधोमध एवढी मोकळी जमीन मिळाली की तिघी बसून जेवू शकू. खाटेवर बसून जेवणे आणि जमिनीवर पंगत मांडून जेवणे यांत किती अंतर आहे, हे होस्टेलमध्ये राहिलेल्यांना सांगायला नको.

त्या पंगतीतला कायमचा पदार्थ म्हणजे मंगळवेढ्याहून येणारी शेंगाचटणी. मैत्रिणीची आजी ती उखळात कुटून पाठवत असे, त्यामुळे शेंगदाण्याचे तेल सुटून चटणी ओलसर, किंचित गोळा होणारी असायची. मिक्सरमध्ये केलेल्या भुकटीला ती चव नाही. सोबत कडक भाकरी. पापडासारखी कडकडीत वाळवलेली ही भाकरी आठवडाभर सहज टिकते आणि खोलीत शेगडी लावायला बंदी असणाऱ्यांच्या फार उपयोगी पडते. दह्यात चटणी कालवायची, भाकरीचा तुकडा मोडायचा आणि मेसचे जेवण विसरायचे. माझ्या माशांच्या आठवणींवर मंगळवेढ्याची मैत्रीण म्हणायची, “असू दे की, आधी हे तर खा.”

मार्च लागला आणि खोलीने आपले खरे रूप दाखवले. दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून तिरपे येते; खिडकीवरच्या छज्ज्याच्या खालून ते थेट खाटेपर्यंत पोहोचायचे. त्याहून वाईट म्हणजे रात्र. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळपासून ती उष्णता खाली सोडू लागतो, आणि पंखा तीच हवा आपल्या अंगावर ढकलतो. रात्री नऊ वाजता पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर भाकरी उतरवल्यानंतरच्या तव्याची आठवण व्हायची. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला तेव्हा मी घरी फोन करून रडले, हेही कबूल करते.

यावर उपाय सुचवले ते गावातल्याच मुलींनी. वर्गातली एक मैत्रीण पूर्व भागात राहायची. तिच्या घरी तेलुगू बोलत आणि आजोबांच्या वेळेपासून यंत्रमाग होते. तिने विणीत किरकोळ दोष राहिलेल्या, म्हणजे ‘सेकंड’ मालातल्या दोन चादरी स्वस्तात आणून दिल्या. सोलापुरी चादर मी त्यापूर्वी फक्त पाहुण्यांच्या अंगावर पाहिली होती. हातात घेतल्यावर तिचे वजन जाणवले, आणि लक्षात आले की जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली तिची नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, फक्त रंगांची अदलाबदल होते: एका बाजूला मरून जमिनीवर पांढरे मोर, तर उलट्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर मरून. दोष शोधायला मला पंधरा मिनिटे लागली. एका मोराच्या शेपटीतून एक धागा सुटला होता, एवढेच.

एक चादर अंथरायला घेतली आणि दुसरी खिडकीला बांधली. ती प्रथम आतून, पडद्यासारखी लावली, तर फारसा फरक पडेना, कारण ऊन काचेतून आत येऊन चादर तापवत होते आणि तापलेली चादर खोली. मग गजांमधून हात घालून काचेच्या बाहेर बांधली, आणि त्याच दिवशी संध्याकाळी फरक जाणवला. रस्त्यावरून ते वाळत घातलेल्या धुण्यासारखे दिसते, अशी रेक्टर मॅडमची तक्रार आली. आम्ही पांढरी बाजू रस्त्याकडे केली. त्याने ऊनही अधिक परतू लागले आणि मॅडमचेही समाधान झाले, किंवा त्या कंटाळल्या असाव्यात.

खाटा भिंतीपासून हातभर पुढे ओढल्या. दिवसा खिडकी बंद आणि सूर्य मावळल्यावर दार-खिडकी सताड उघडी, असा नेम केला. मंगळवार बाजारातून माठ आणला आणि त्याला ओले गोणपाट गुंडाळले. उघड्या खिडकीत रात्री ओला पंचा टांगायचा, हे मला पटत नव्हते, कारण आमच्याकडे ओला कपडा खोलीत टांगला तर फक्त कुबट वास येतो. इथल्या कोरड्या हवेत तो अर्ध्या तासात वाळायचा आणि तेवढ्या वेळात आत येणारी झुळूक गार करायचा. त्या वाळलेल्या पंच्याकडे मी अप्रूपाने बघत बसे.

सर्वांत चांगली युक्ती अक्कलकोटच्या मैत्रिणीची. आमच्या डोक्यावर थेट गच्ची होती. तिने मेसमधून तांदळाची रिकामी पोती मागून आणली आणि आमच्या खोलीच्या वर येईल तेवढ्या भागावर पसरली. सूर्यास्ताच्या सुमारास आम्ही त्यांवर कपडे धुतलेले पाणी ओतायचो. नुसत्या स्लॅबवरचे पाणी पाहता पाहता उडून जाते, पण गोणपाट ते तासन्‌तास धरून ठेवते आणि वाळताना खालची उष्णता ओढून घेते. साठवलेले चांगले पाणी यावर घालायचे नाही, हा नियम तिनेच केला होता आणि तो मोडणाऱ्या मुलीने दुसऱ्या दिवशी तिघींच्या बादल्या भरायच्या. वॉचमन मामांना प्रथम हा सगळा पसारा वाटला; मे महिन्यात त्यांनी स्वतःच्या खोलीच्या वरही पोती टाकली.

दिव्याचे थोडक्यात सांगते. पांढरी ट्यूब अभ्यासाला ठीक, पण तिच्या उजेडात खोली दवाखान्यासारखी दिसते. रात्री नऊनंतर ती बंद करून टेबलावरचा पिवळा दिवा लावला की झाले. माळेची गरज उरली नाही.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतून आम्ही पितळेची एक लहान घंटा घेतली आणि दाराला आतून बांधली. पंगत मांडून झाली की ती वाजवायची. शेजारच्या खोल्यांतल्या मुली आपापले डबे घेऊन यायच्या. सोलापुरी चादरीला आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला, दोघांनाही पुढे-मागे भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. त्या हिशेबाने चादरीवर बसून ज्वारीची भाकरी खाणाऱ्या आम्ही बऱ्याच श्रीमंत होतो.

शेवटच्या वर्षी माठ, पोती आणि घंटा नव्या मुलींना देऊन टाकली. खिडकीतली चादर उन्हाने विटून गेली होती, तीही तिथेच राहिली. अंथरायची मात्र मी चिपळूणला घेऊन आले. जूनच्या शेवटी आईने ती हौसेने धुतली, माजघरात दोरीवर टाकली, मग चुलीवरच्या दांडीवर टाकली, आणि चौथ्या दिवशीही ती दमटच होती. पाचव्या दिवशी आईने कपाटातून डांबराच्या गोळ्या काढल्या.