एक नाव, दोन वाद्यं: डल्सिमर शिकायला घेताना

डल्सिमर शिकायचंय असं कुणी म्हटलं की आधी विचारावं लागतं, मांडीवरचं की काठ्यांनी वाजवायचं? नाव एकच असलं तरी ही दोन वाद्यं अगदी वेगळी आहेत.

माउंटन डल्सिमर म्हणजे लांबट, अरुंद पेटी, तीन-चार तारा आणि मधोमध पडद्यांची पट्टी. ते मांडीवर आडवं ठेवून डाव्या हाताने तारा दाबायच्या आणि उजव्याने छेडायच्या. हॅमर्ड डल्सिमर म्हणजे समलंब चौकोनी खोकं. नेहमीच्या लहान मापात सेहेचाळीस तारा असतात. दाबायचं काही नसतं, दोन हलक्या लाकडी काठ्यांनी तारांवर आघात करायचा. इराणी संतूर, चिनी यांगचिन, हंगेरीचं सिंबालोम ही सगळी त्याचीच भावंडं. लॅटिन ‘दुल्चे’ म्हणजे गोड आणि ग्रीक ‘मेलोस’ म्हणजे गाणं, त्यातून आलेलं हे नाव मुळात या काठ्यांच्या वाद्याचं. अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातल्या वाद्याला ते नंतर चिकटलं.

आधी डोंगरातलं. केंटकी, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना या अपलाचियन पट्ट्यात एकोणिसाव्या शतकात ते घडत गेलं. जर्मन वसाहतकऱ्यांचं शाइटहोल्ट हे त्याचं जवळचं पूर्वरूप मानतात, चाली मात्र बऱ्याचशा स्कॉटलंड-आयर्लंडकडून आलेल्या लोकांच्या. केंटकीतल्या वायपर गावच्या जीन रिची (१९२२–२०१५) १९४०च्या दशकाच्या अखेरीस ते न्यूयॉर्कला घेऊन गेल्या आणि तिथून ते शहरी लोकसंगीतात पसरलं.

या वाद्याची सगळी गंमत पडद्यांत आहे. गिटारसारखे बाराही स्वर इथे मिळत नाहीत. पडदे फक्त सात स्वरांचे आणि जागेवर ठोकलेले, सतारीसारखे सरकवता येत नाहीत. म्हणजे थाट बदलायचा तर पडदा नाही, तारेचा सूर बदलायचा. थाटांची सवय असलेल्या माणसाला हे पाश्चात्त्य पुस्तकांतल्या ‘मोड’च्या तक्त्यांपेक्षा फार लवकर कळतं, म्हणून तसंच सांगतो.

पाश्चात्त्य स्वरनावांतल्या डीला सा माना. तुमच्यापासून सर्वांत दूरची जाड तार डी, मधली ए म्हणजे पंचम, आणि तुमच्या पोटाजवळची, बहुतेकदा जोडीने लावलेली, चालीची तार. ही चालीची तार वरच्या डीला लावली की जुळणी झाली डी-ए-डी, म्हणजे सा-प-सां. उघडी तार सा, पहिला पडदा रे, दुसरा ग, तिसरा म, चौथा प, पाचवा ध, सहावा कोमल निषाद, सातवा वरचा सा. खमाज थाट तयार. शुद्ध निषाद हवा म्हणून आजच्या बहुतेक वाद्यांत सहाव्या-सातव्याच्या मध्ये एक जादा पडदा असतो, त्याला साडेसहावा म्हणतात. काहींवर दीडावाही असतो, तो कोमल गंधार देतो. (दीड आणि साडे हे शब्द हाताशी असल्यामुळे मराठीत हे बोलायला इंग्रजीपेक्षा सोपं जातं.)

आता चालीची तारच तेवढी मधल्या ए इतकी उतरवा. जुळणी डी-ए-ए. सा तिसऱ्या पडद्यावर जातो आणि तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत सरळ बिलावल मिळतो. शिवाय साच्या खाली प, ध, नि हे तीन स्वर त्याच तारेवर हाताशी राहतात. खाली उतरणाऱ्या चालींना म्हणूनच ही जुळणी बरी, डी-ए-डीत त्या चाली मधल्या तारेवर शोधाव्या लागतात. चालीची तार सीला लावली तर पहिल्या पडद्यापासून आसावरी, जीला लावली तर चौथ्यापासून काफी. बाकी दोन तारा जागच्या हलत नाहीत. तंबोऱ्यासारखा त्यांचा षड्ज-पंचम चालूच राहतो आणि चाल त्यावर फिरते.

तारा लावताना एक चूक हमखास होते. तबकडीवर अक्षर दाखवणारा साधा ट्यूनर ‘ए’ दाखवतो, पण कुठल्या सप्तकातला ए ते सांगत नाही. नवखा माणूस पिळत राहतो आणि तार वरच्या सप्तकाच्या वाटेवर असतानाच तुटते. सप्तकाचा आकडा दाखवणारा ट्यूनर घ्या: जाड तार डी३, मधली ए३, चालीची डी४ (डी-ए-ए जुळणीत ए३). तार २७–२८ इंच लांबीची असेल तर जाडी साधारण अशी ठेवावी: गुंडाळलेली जाड तार ०.०२२ ते ०.०२४ इंच, मधली ०.०१३–०.०१४, चालीची ०.०१० ते ०.०१२. सतत डी-ए-डीत वाजवणाऱ्याने चालीची तार यातली पातळ घ्यावी. डी-ए-एपर्यंत उतरवायची असेल तर ०.०१२ बरी, नाहीतर ती ढिली पडून पडद्यांवर खडखडते.

दुसरी अडचण घोडीची. पुष्कळ वाद्यांत घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावर उभी असते. तारा बदलताना ती सरकते, आणि मग उघडी तार सुरात असूनही वरचे पडदे बेसूर लागतात. दोष कानाचाही नसतो नि बोटांचाही. तपासायचं असं: सातव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला नुसतं बोट टेकवून छेडा, घंटीसारखा वरचा सा येईल. मग तिथेच तार दाबून छेडा. दोन्ही सारखे हवेत. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी किंचित मागे, पडद्यांपासून दूर न्यायची. उतरा असेल तर पुढे. सरकवण्याआधी तारा थोड्या सैल करा आणि एका वेळी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त हलवू नका. एकदा जमली की पेन्सिलीने जागा आखून ठेवा. एकावेळी एकच तार बदलणं हा याहून सोपा उपाय.

तारांची उंची अमेरिकेतले वादक नाण्यांनी मोजतात. पहिल्या पडद्याला खेटून डाइम ठेवलं तर तार त्याला जेमतेम टेकावी, आणि सातव्या पडद्यावर निकेल ठेवलं तरी तसंच. डाइमची जाडी १.३५ मिलिमीटर, निकेलची १.९५, म्हणजे जाडी मोजणारी पट्टी असेल तर नाणी लागत नाहीत. तार याहून बरीच वर असेल तर बोटं दुखतात आणि दाबताना सूर चढतो. खाली असेल तर खडखडते. नवशिके बोटांना दोष देत बसतात, खरं तर घोडी किंवा वरच्या टोकाची खाचांची पट्टी थोडी घासून घ्यायची गरज असते. ते मात्र बनवणाऱ्याकडूनच करून घ्यावं, कारण घासलेलं परत येत नाही.

बसताना खुर्ची बिनहातांची हवी, दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले. खुंट्यांचं टोक डाव्या गुडघ्यापलीकडे थोडं पुढे काढा, उजवं टोक पोटाजवळ. वाद्य घसरत असेल तर मांडीवर कपाटात अंथरतात तसली रबरी जाळी टाका. वाद्य सावरण्यात डावा हात अडकला की पुढचं सगळं अडतं. बोट पडद्याच्या अगदी डावीकडे, त्याला खेटून दाबा. दोन पडद्यांच्या मधोमध दाबलं तर दुप्पट जोर लागतो आणि तरीही तार कुरकुरते. अंगठ्याचा धाक बाळगू नका, इथे तो पूर्ण कामाचा आहे. बोटांऐवजी पेन्सिलीएवढी लाकडी किंवा बांबूची काडी फक्त चालीच्या तारेवर सरकवत वाजवणं ही जुनी पद्धत. काडी घासत गेली की स्वरांमधली ओढ आपोआप येते. माझ्या मते सुरुवात काडीनेच करावी. तीन तारांवर बोटं पसरून कॉर्ड धरण्याची घाई झाली की चाल मागे पडते.

उजवा हात पट्टीच्या उजव्या टोकाच्या खोलगट भागावर चालतो. पूर्वी हंसाच्या किंवा टर्कीच्या पिसाची दांडी वापरत, आता पातळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची लवचीक नखी चालते. जाड नखी तारांत अडकते. हालचाल मनगटातून हवी, आणि प्रत्येक फटकाऱ्यात तिन्ही तारा याव्यात. पहिला ठेका असा: एक लांब, दोन आखूड, एक लांब, दोन आखूड. चाल घेण्याआधी दोन दिवस नुसता हा ठेका उघड्या तारांवर वाजवला तरी वेळ वाया जात नाही.

आता काठ्यांचं डल्सिमर. इथे मांडणी कळली नाही तर तारांचं जंगल दिसतं. मांडणी कळली की मात्र लक्षात येतं की ही रचना सप्तकाच्या पूर्वांग-उत्तरांगावरच उभी आहे.

अमेरिकी वाद्यावर दोन घोड्या असतात. डावीकडची तारसप्तकाची लांब घोडी तिच्या तारांना २:३ अशा भागांत विभागते. डावा भाग आखूड, उजवा लांब. त्यामुळे एकाच तारेच्या उजव्या बाजूला सा असेल तर डाव्या बाजूला पंचम येतो. ‘१२/११’ असं लिहिलेलं दिसतं त्याचा अर्थ या घोडीवर १२ जोड्या आणि उजवीकडच्या खर्जाच्या घोडीवर ११ जोड्या. प्रत्येक जोडीत एका सुरात लावलेल्या दोन तारा, म्हणून एकूण ४६. ‘१५/१४’ मध्ये ५८. घोडीवर ठरावीक ठिकाणी वेगळ्या रंगाचे ठिपके असतात. उजव्या बाजूला एका ठिपक्यापासून वर चढत चार जोड्या घ्या: सा रे ग म. मग घोडी ओलांडून सुरुवातीच्याच जोडीच्या डाव्या बाजूला या आणि पुन्हा चार जोड्या वर चढा: प ध नि सां. पूर्वांग उजवीकडे, उत्तरांग डावीकडे. अमेरिकी पद्धतीच्या १२/११ वर ठिपके खालून वर साधारण ए, डी, जी, सी या पट्ट्यांचे असतात. ठिपका बदलला की पट्टी बदलते, हाताची आकृती तीच राहते. खर्जाच्या घोडीवरून सुरुवात केली तर पूर्वांग तिथे आणि उत्तरांग मधल्या पट्ट्यात. म्हणजे तेच नातं, एक घोडी उजवीकडे सरकून.

म्हणून पहिला आठवडा फक्त डीच्या चौकटीत घालवा. बाकी तारा तिथे नाहीतच असं समजा.

काठी अंगठा आणि तर्जनीत सैल धरा, किंवा मधलं बोट खाली आधाराला घ्या. मूठ आवळली की काठी उसळत नाही, तारेला चिकटते आणि आवाज मरतो. फेकल्यासारखी सोडायची, वर यायचं काम तारेवर सोपवायचं. आघात घोडीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर करा. अगदी घोडीवर मारलं तर टणक आणि कोता आवाज येतो. मधोमध मारलं तर काठी दोनदा आपटते आणि स्वर जाडसर होतो. काठीच्या टोकाची एक बाजू उघड्या लाकडाची आणि दुसरीवर चामडं असेल तर घरात चामड्याची बाजू वापरा.

दोन्ही हात आळीपाळीने, हा नियम सोडू नका. जोराची मात्रा एकाच हाताला द्या, बहुतेकांना उजवा बरा पडतो. तीन-तीन मात्रांच्या चालीत मात्र पहिला गट उजवा-डावा-उजवा आला की पुढचा डावा-उजवा-डावा येतो. तिथे नवशिका गोंधळतो आणि एकाच हाताने दोनदा मारून वेळ मारून नेतो. ती सवय पुढे वेग वाढताना आडवी येते. हात एकमेकांना ओलांडणार असतील तर कागदावर प्रत्येक स्वराखाली उ किंवा डा लिहून ठेवा.

आणि मग सूर लावणं. या वाद्यावर ते वेगळं शिकावं लागतं. खुंट्या उजव्या कडेला दाटीने असतात, तारसप्तकाच्या आणि खर्जाच्या आलटून पालटून. त्यामुळे पाना भलत्याच खुंटीवर बसतो, काटा हलत नाही, आपण पिळतो आणि शेजारची तार तुटते. पाना लावल्यावर पिळण्याआधी तीच तार छेडून, किंचित सैल करून सूर उतरतो का ते बघा. सूर लावताना जोडीतली एक तार लोकराच्या पट्टीने दाबून दुसरी लावा, मग पहिली तिच्याशी जुळवा. दोन तारांत सूक्ष्म फरक उरला तर आवाजात लाटा ऐकू येतात. लाटा मंद होत थांबल्या की जोडी लागली. खुंटी वळवायची ती केसभरच. सूर गाठताना नेहमी खालून वर या.

तारसप्तकाच्या जोडीची उजवी बाजू लागली पण डावीचा पंचम हलला, असं एकाच जोडीत होत असेल तर तार घोडीवर अडकली आहे. घोडीच्या दोन्ही बाजूंना बोटाने हलकं दाबा, ताण सारखा होईल, मग पुन्हा मोजा. सगळ्याच जोड्यांचा डावा भाग चढा लागत असेल तर घोडीच डावीकडे सरकलेली आहे. ती उजवीकडे थोपटून आणायची.

नव्या वाद्याला किंवा नव्या तारांना एका फेरीत सूर धरत नाही. सगळ्या तारांचा मिळून शेकडो किलोंचा ताण फळीवर असतो. शेवटची तार चढवेपर्यंत फळी थोडी दबते आणि पहिल्या तारा उतरतात. म्हणून पहिली फेरी भरभर, दुसरी निगुतीने. हवेतला ओलावा ४० ते ५० टक्के असेल तर वाद्य स्वस्थ राहतं. कोरड्या हवेत फळी आकसून सूर उतरतो, दमट हवेत फुगून चढतो. बाहेरून आणलेलं वाद्य पेटीतून काढून खोलीत अर्धा तास तसंच ठेवा आणि मगच पाना उचला.