पत्र्याची नाही म्हणून परंपरेतली नाही?

हॉट रॉडच्या, म्हणजे वेगासाठी बदलून बांधलेल्या जुन्या गाड्यांच्या जगात एक सोपी परीक्षा आहे. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक बॉडीच्या खालच्या अंगाला लावायचं. चिकटलं तर पत्रा, घसरलं तर फायबर. घसरलं की बरेच जाणकार गाडीकडे पाठ फिरवतात. इंजिन कुठलं, अ‍ॅक्सल कुठला, गाडी कुणी आणि कधी बांधली, हे मग कुणी विचारत नाही. नुकत्याच केलेल्या एका कामात हे फार जवळून पाहिलं. रिपोर्ट देऊन झाला, पण विषय डोक्यातून जात नाहीये.

मी दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या हौशी गाड्यांचं मूल्यांकन करते. रोजच्या वापरातल्या गाडीची विम्यातली किंमत दरवर्षी उतरत जाते. या गाड्यांची किंमत मात्र मालक आणि विमा कंपनी आधीच ठरवून घेतात, आणि तो आकडा आमच्या रिपोर्टवर उभा असतो. लोकांना वाटतं, आम्ही चकचकीत गाड्यांभोवती फिरून फोटो काढतो. प्रत्यक्षात निम्मा वेळ बॅटरी आणि डेंटिस्टकडचा छोटा आरसा घेऊन गाडीखाली पडून जातो, उरलेला जुने कागद वाचण्यात.

त्याआधी मी भोसरीत एका एफआरपीच्या, म्हणजे फायबरग्लासच्या शेडमध्ये काम केलं. बसचे बंपर, डॅशबोर्ड, पंख्यांची आवरणं. साच्याला वॅक्स, मग जेलकोट म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, मग मॅट म्हणजे काचेच्या धाग्यांची चादर, ती भिजवणारं रेझिन, रोलर, आणि घरी गेल्यावर रात्रभर अंगाला काचेची खाज. त्यामुळे ऑफिसात फायबरची गाडी आली की ती माझ्याकडे येते. इतरांना ती नको असते. मूळ पत्र्याच्या गाडीवर पानंच्या पानं लिहिणारे आमचे वरिष्ठ फायबरच्या गाडीला ‘बॉडी: फायबरग्लास’ एवढी एक ओळ देतात. मला हे कधीच पटलेलं नाही. फायबरही हातानं घडवलेलं असतं आणि ते वाचता येतं.

ज्यांना हा छंद परका आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1930 आणि 40 च्या दशकांत इथल्या पोरांनी जुन्या, स्वस्तात मिळणाऱ्या फोर्ड गाड्या घेतल्या, मडगार्ड काढून टाकली, वजन उतरवलं, इंजिन बदललं आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या पात्रांत पळवल्या. 1937 साली त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. आज ‘पारंपरिक’ हॉट रॉड म्हणजे साधारण 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंत जशी बांधली गेली असती तशी गाडी. त्या काळचं इंजिन, पुढे सरळ अ‍ॅक्सल, त्यावर आडवा कमानपाटा, ड्रम ब्रेक, जुन्या पद्धतीचे बायस-प्लाय टायर. आणि बॉडी पत्र्याची. हे शेवटचं कलम सगळ्यात कडक.

माझ्याकडे आलेली गाडी टी-बकेट होती, म्हणजे फोर्ड मॉडेल टी च्या छोट्या, उघड्या बॉडीची हॉट रॉड. फोर्ड मॉडेल टी 1908 ते 1927 या काळात दीड कोटींच्या घरात बनल्या, पण त्यांच्या बॉडीत पातळ पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असायचा. तीस वर्षांत लाकूड कुजलं, पत्रा गंजला. 1950 च्या दशकाच्या अखेरीस नॉर्म ग्राबोव्स्कीची छोटी, उघडी टी गाडी टीव्हीवरच्या एका गुप्तहेर मालिकेत झळकली आणि प्रत्येक पोराला तशीच गाडी हवी झाली. ग्राबोव्स्कीची बॉडी पत्र्याची होती. तेवढा धड पत्रा मात्र शिल्लक नव्हता. मग इथल्याच कारागिरांनी जुन्या बॉडीवरून साचे काढून फायबरच्या बॉड्या विकायला सुरुवात केली. शेवरोलेची कॉर्व्हेट 1953 पासून फायबरचीच होती. किनाऱ्यावर फायबरच्या बोटींचे कारखाने होते, रेझिन आणि मॅट सहज मिळत होतं. एड रॉथ या गाड्या घडवणाऱ्या कारागिरानं त्याच सुमारास ‘आउटलॉ’ आणि मग ‘बीटनिक बँडिट’ या गाड्यांच्या अख्ख्या बॉड्या फायबरमध्ये घडवल्या. ‘बीटनिक बँडिट’ आज रिनोच्या राष्ट्रीय मोटार संग्रहालयात आहे. म्हणजे फायबर या छंदात नंतर घुसलेलं नाही. ‘पारंपरिक’ म्हणून जो काळ धरला जातो त्याच काळातलं ते आहे.

गाडीचे मालक ऐंशीच्या पुढचे. तरुणपणी कोस्टा मेसातल्या एका बोटींच्या कारखान्यात लेअपचं, म्हणजे साच्यात फायबरचे थर घालण्याचं काम करायचे. त्यांच्या गाडीला एका क्लबनं प्रदर्शनातल्या पारंपरिक गटात प्रवेश नाकारला होता. विम्यासाठी मूल्यांकन हवंच होतं, पण मला गॅरेजमध्ये घेऊन गेल्यावर ते पहिलं वाक्य बोलले ते किमतीबद्दल नव्हतं. “ही गाडी काय आहे, ते तुम्ही लिहून द्या. चांगली-वाईट लिहू नका. काय आहे, एवढंच.”

आधी कागद पाहिले. कॅलिफोर्नियात 1988 पर्यंत मालकीचा कागद गुलाबी असायचा, तो त्यांच्याकडे जपून ठेवलेला होता. गाडीला काळी पाटी, पिवळी अक्षरं. अशा पाट्या 1963 ते 1969 मध्ये दिल्या गेल्या, पण 2015 पासून तशाच रंगाच्या नव्याही मिळतात. म्हणून पाटीवर विसंबत नाही. पाटीचा नंबर जुन्या कागदावरच्या नंबराशी जुळवला. जुळला. मग फोटो. त्या काळच्या छापील फोटोंच्या पांढऱ्या कडेला महिना आणि साल छापलेलं असायचं. रंग न दिलेली तपकिरी बॉडी चासीवर ठेवलेली, आणि कडेला ‘जुलै 64’.

कागद मात्र दुसऱ्या बॉडीचेही असू शकतात. चासी तीच ठेवून वरची बॉडी पुढे बदलली असेल तर? पत्र्याच्या गाडीला थिकनेस गेज लावलं की रंगाची जाडी कळते. चांगल्या कामात शंभर-दीडशे मायक्रॉन. आकडा हजारावर गेला की खाली पुट्टी भरलेली. फायबरवर ते गेज मुकं होतं, कारण ते चुंबकीय तत्त्वावर चालतं. अशा वेळी आतून बघावं लागतं. मी डॅशबोर्डच्या खाली डोकं घातलं. तिथे कुणी रंग देत नाही.

आतली बाजू मधासारख्या रंगाची होती. पॉलिस्टर रेझिन म्हातारं होतं तसं पिवळं, मग तांबूस पडत जातं. रंग चढवून हा परिणाम साधता येत नाही, कारण तो थराच्या आतून दिसतो. मॅट जाड, हातानं अंथरलेली. दोन तुकडे जिथे एकमेकांवर आलेत तिथली कड बोटाला लागत होती. चॉपर गननं, म्हणजे धागे कापून रेझिनसकट फवारणाऱ्या यंत्रानं उडवलेल्या धाग्यांमध्ये अशी कड नसते. कोपऱ्यांत रेझिन साचलं होतं, म्हणजे रोलर फिरवणारा घाईत होता. तळाला मात्र वेगळाच हात. तिथे मॅट नव्हतीच. जाड विणीचं रोव्हिंग, म्हणजे काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड, जे बोटीच्या तळाला वापरतात, आणि एकही बुडबुडा नाही. मी डोकं बाहेर काढून म्हटलं, “बॉडी तुम्ही विकत घेतलीत, पण तळ तुम्ही स्वतः घातलात.” ते नुसते हसले आणि पावती काढून दिली. बॉडीची, तळ नसलेल्या.

मग पोचा. समोरच्या काउलच्या, म्हणजे डॅशबोर्डपुढच्या भागाच्या उजव्या बाजूला अंगठ्याएवढा खोलगट भाग होता. आधी मी तो अपघाताचा समजून नोंदवणार होते, पण फायबरला पत्र्यासारखा पोचा पडत नाही. ते तडकतं, रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात, आत धागे तुटून पांढरे दिसतात. इथे एकही तडा नाही. आतून बॅटरी लावली, तर मॅटचे धागे त्या खोलगटातून वळण घेऊन सलग पुढे गेले होते. तो पोचा साच्यातूनच आला होता. ज्या पत्र्याच्या मॉडेल टी वरून कुणीतरी साचा काढला, तिला तो आधीच पडलेला होता. मालक म्हणाले, त्याच दुकानातून त्यांच्या मित्रानं घेतलेल्या बॉडीलाही त्याच जागी हा पोचा होता. दोघांनी तो भरायचा नाही असं ठरवलं. ती फोर्ड कधीच भंगारात गेली असणार. तिच्यावर बसलेला मार मात्र मला हातानं चाचपता आला. फायबरची बॉडी म्हणजे कशाशी नातं नसलेलं प्लॅस्टिक, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी तिथे डोकं घालायला लावीन.

बाकीची गाडी त्या काळातलीच: ब्यूकचं नेलहेड व्ही-8, दोन स्ट्रॉमबर्ग 97 कार्ब्युरेटर, मॉडेल ए चा पुढचा अ‍ॅक्सल, 1939 च्या फोर्डचे हायड्रॉलिक ब्रेक. इंजिनाच्या ओतीव भागांवरचे कास्टिंग नंबर जुळले.

दुपारी क्लबच्या त्या पारंपरिक गटाचे प्रमुखच आले. मालकांचे जुने स्नेही. भांडण नव्हतं, तरी खिशात लोहचुंबक होतंच. त्यांची बाजू मी पूर्ण ऐकून घेतली, आणि ती पोकळ नाही. 1970 आणि 80 च्या दशकांत फायबरच्या तयार बॉड्यांचा पूर आला. फिकट रंग, आत मखमल, सगळे भाग कॅटलॉगमधून मागवलेले, आणि कागदावर ‘1932 फोर्ड’, ज्यात 1932 सालचा एक स्क्रूसुद्धा नाही. फोर्डनं बनवल्या त्याहून जास्त 1932 च्या रोडस्टर आज रस्त्यावर आहेत, असं इथे म्हटलं जातं ते त्यामुळेच. पारंपरिक गाड्यांची चळवळ या सगळ्याला कंटाळून उभी राहिली. “पत्रा वाकवायला, पोच्यांत शिसं भरायला माणसाला शिकावं लागतं,” ते म्हणाले. “बॉडी खोक्यातून काढणाऱ्याला काय शिकावं लागतं?”

मी त्यांना तळाखालचं रोव्हिंग दाखवलं. ते वाकून बराच वेळ बघत राहिले. शिशाबद्दलही मी बोलले. त्यांच्या गटातल्या किती पत्र्याच्या गाड्यांवर खरंच शिसं आहे? बहुतेकांवर पॉलिस्टरची पुट्टी असते, म्हणजे टाल्कची भुकटी घातलेलं त्याच कुळातलं रेझिन. काही दारांवर तर ती इतकी जाड असते की लोहचुंबक तिथेही घसरतं. ते म्हणाले, पुट्टी म्हणजे बॉडी नव्हे. हे मला मान्य आहे.

मला खटकतं ते वेगळंच. ओहायोतल्या ब्रुकव्हिल गावात 1932 च्या रोडस्टरची बॉडी आज नव्या पत्र्यात बनते. काम उत्तम आहे. मी अशा गाड्या तपासल्या आहेत आणि कौतुकानंच लिहिलं आहे. तशी गाडी पारंपरिक गटात सहज बसते. पत्रा या शतकातला, वेल्डिंग या शतकातलं, पण लोहचुंबक चिकटतं. आणि 1964 साली बांधलेली, त्याच काळात रस्त्यावर धावलेली, बांधणाऱ्याच्या गॅरेजमध्ये आजही असलेली गाडी बाहेर. इथे गाडीचा काळ मोजला जात नाही, धातू मोजला जातो, आणि नाव परंपरेचं दिलं जातं.

आमचा फॉर्मही तेच करतो. बॉडीच्या रकान्यात तीन पर्याय: मूळ, पुनर्निर्मित पत्रा, रेप्लिका किंवा किट. नव्या पत्र्याला स्वतःचा मानाचा पर्याय आहे. 1964 ची फायबर बॉडी आणि गेल्या वर्षी खोक्यातून निघालेली बॉडी मात्र एकाच ओळीत. मी रकाना रिकामा सोडून शेऱ्यात लिहिलं: ‘तत्कालीन फायबरग्लास बॉडी, 1964 पूर्वीची किंवा 1964 ची, कागद, छायाचित्र आणि थरांच्या तपासणीवरून निश्चित.’ फॉर्म परत आला; रकाना रिकामा चालत नाही. फोन केला तर पलीकडच्या मुलानं प्रामाणिकपणे सांगितलं, की शेरे सिस्टिममध्ये जातच नाहीत. शेवटी आमच्या वरिष्ठांनी सहीनिशी वेगळी पुरवणी जोडली, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. किंमत मी मांडली तीच मान्य झाली. रकान्यात मात्र ‘रेप्लिका’च राहिलं. ही गाडी कशाचीही नक्कल नाही, हे सिद्ध करणाऱ्या कागदाच्या पहिल्याच पानावर.

मालकांना आकडा सांगितला तेव्हा त्यांनी पुरवणीची प्रत मागितली आणि आकड्याबद्दल पुन्हा काही विचारलं नाही.

गटप्रमुखांनी मला नियमाचा मसुदा लिहून द्यायला सांगितला होता. मी एकच वाक्य लिहिलं: बॉडी कोणत्याही साहित्याची असो, ती 1965 पर्यंत बनलेली असावी आणि तसा पुरावा असावा. त्यांनी फोनवर ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, “पण यानं उद्या कुणीही नवी फायबरची बॉडी आणि एक जुना फोटो घेऊन येईल.” म्हटलं, येऊ दे, आतून बॅटरी लावायला मी येईन, फी घेणार नाही. थोडं थांबून ते म्हणाले, “आणि माझी?” त्यांची स्वतःची 1932 ची रोडस्टर नव्या पत्र्याची आहे. अशा गाड्या काढल्या तर त्यांचा निम्मा गट रिकामा होईल, हे त्यांना माझ्याआधी दिसलं होतं.

मी त्यांना सांगितलं, की तुमची गाडी सुंदर आहे आणि तिच्यासाठी वेगळा गट काढा, पण काळाचा नियम करायचा तर तो सगळ्यांना सारखा हवा. ते यावर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मसुदा अजून त्यांच्याकडे आहे. क्लबच्या बैठकीत तो मांडायचा की नाही, हे त्यांनी ठरवायचं आहे.