मामा, जरा खाली धरा की

भाच्याने फोटोग्राफीचा धंदा सुरू केला आणि मला रिटायर झाल्यावर पुन्हा नोकरी लागली. पगार नाही. काम एकच, रिफ्लेक्टर धरायचा, म्हणजे उजेड चेहऱ्यावर परतवायचा. मिटल्यावर ताटाएवढी दिसणारी ती चंदेरी चकती पिशवीतून काढली की फट्‌दिशी उघडते आणि पहिली आपल्याच तोंडावर बसते. उघडायला अक्कल लागत नाही, मिटायला लागते. दोन्ही हातांनी पिळून इंग्रजी आठाचा आकडा करायचा आणि तो त्याच्याच अंगावर दुमडायचा. हे जमायला मला दोन लग्नसराया लागल्या.

गिऱ्हाईक फोनवर आधी विचारतं, "लोकेशन कुठलं?" त्यांच्या मनात महाबळेश्वर असतं. आपल्याकडे दगड, माळ, तळी आणि ऊन. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर सोलापुरात एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाखाली गुडूप होते. हौशी मंडळी त्या दिवशी गच्चीवर बाटल्या उभ्या करून शून्य सावली बघतात. भाचा त्या दिवसांत दुपारची ऑर्डरच घेत नाही. ऊन वरून पडलं की भुवयांखाली दोन काळे खड्डे पडतात, नाकाची सावली मिशीसारखी ओठावर उतरते आणि चांगली हसरी पोरगी आत्ताच सासरी निघाल्यासारखी दिसते.

त्यामुळे मी आता गावाकडे सावलीच्या हिशेबाने बघतो. कुठल्या भिंतीची सावली किती वाजेपर्यंत टिकते, हे मला नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पक्कं पाठ आहे.

यात पहिला नंबर भुईकोट किल्ल्याचा. लोक तटावर चढतात, कारण तिथून सिद्धेश्वराचा तलाव आणि पाण्यातलं देऊळ दिसतं. पण तटावर चेहरा करपतो. भाचा मुलीला तटावर नेतच नाही, दरवाजाच्या कमानीत उभं करतो. सावली संपते तिथून दोन पावलं आत, तोंड बाहेरच्या आभाळाकडे. वर दगडाचं छप्पर, मागे अंधार आणि समोरून येणारा मऊ उजेड, लोणी लावल्यासारखा. मी खाली उकिडवा बसून पांढरी बाजू हनुवटीखाली धरतो. सोनेरी बाजू धरू नये, एकदा धरली तेव्हा मुलीच्या आईने विचारलं, "हळद अजून उतरली नाही का ओ?" किल्ला पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्याने ट्रायपॉडला परवानगी लागते. म्हणून सगळा कारभार हातावर, आणि माझा गुडघ्यावर.

कंबर तलावाच्या बोर्डावर लोक आता संभाजी तलाव असं वाचतात आणि कंबरच म्हणतात. तिथे एकदा जलपर्णी इतकी माजली होती की फोटो बघून पाहुण्यांनी विचारलं, एवढं मोठं लॉन कुठल्या कार्यालयाचं? नान्नजकडे थंडीत माळाचं गवत सोनेरी होतं. पण ते माळढोकाचं अभयारण्य आहे, तिथे नवरा-नवरीने बागडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. भाच्याचं नाही, पण गाडी माझी आहे.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मात्र मी बेकार असतो. जानेवारीत नंदीध्वज निघतात तेव्हा हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत. शेजारच्याचा पांढरा अंगरखा याच्या गालावर उजेड टाकतो, याचा पुढच्याच्या. सगळा रस्ताच एकमेकांना रिफ्लेक्टर धरून चाललेला असतो.

आणि मग हत्तरसंग कुडल. भीमा-सीनेचा संगम, जुनी देवळं आणि शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख. एका जोडप्याला घेऊन भल्या पहाटे तिथवर गेलो. मुलाचे वडीलही सोबत, इतिहासाचे शौकीन. भाच्याने पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स लावली, उजेड आत घेणारं तिचं तोंड पूर्ण उघडलं, आणि चेहरे असे काही उठून आले की बास. मागचा संगम मात्र पार विरघळला. वडिलांनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत बघितलं, चष्मा वर करून पुन्हा बघितलं. "नदी कुठाय?"

"ब्लर केलीय काका. त्यानं चेहरा उठतो."

"मग घरामागच्या बोळात उठला नसता का?"

भाचा गप्प. मीही गप्प, पण मनातून काकांच्या बाजूने. शेवटी नदीसकट चार फोटो काढून दिले. त्यात दोघं मुंगीएवढे आहेत आणि काकांनी तेच फ्रेम केलेत.

परवा भाचा किल्ल्यातल्या एका फोटोवर काम करत बसला होता. मुलीचा डोळा त्याने इतका मोठा केला की स्क्रीनभर नुसतं बुबुळ. त्यात कमान दिसत होती, कमानीपलीकडचं आभाळ, कडेला एक कडुलिंब. आणि खाली एक पांढरा वाटोळा ठिपका, त्याच्या काठावर चार बोटं.

"मामा, ही बोटं खोडू का?"

मी म्हटलं, राहू दे.