एअर रायफलचा दस्ता: तडा सांधला, आता बसणी

मागच्या नोंदीत दस्ता मोकळा करून ठेवला होता, तिथून पुढचं काम लिहितो. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: ४.५ मिमीची, नळी मोडून भरायची जुनी स्प्रिंग रायफल, शिसमचा दस्ता (म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग). मुठीच्या मागे दस्ता सगळ्यात बारीक होतो, तिथे ट्रिगर गार्डच्या मागच्या स्क्रूपासून तिरका तडा गेलेला. आधीच्या मालकाने कधीतरी त्यात पांढरा गोंद भरला होता आणि तो पुन्हा उघडला होता.

गोंद धरत नाही याचं कारण तेल. यंत्राचं तेल वर्षानुवर्षं झिरपून तड्याच्या आतलं लाकूड काळं पडलं होतं. ॲसिटोनने तडा धूत राहिलो, कापडावर डाग येणं थांबेपर्यंत. मग सावकाश धरणारं ॲराल्डाइट (एपॉक्सी गोंद) हेअर ड्रायरने जरा कोमट करून आत सोडलं. कोमट झालं की ते पातळ होतं आणि तड्याच्या टोकापर्यंत उतरतं. मुठीसारख्या गोल भागावर सी क्लॅम्प नीट बसत नाही, म्हणून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळल्या. दाब सगळीकडून सारखा मिळतो. घट्ट झाल्यावर तड्याला आडवं भोक पाडून पितळी आट्यांचा बारीक रॉड एपॉक्सीत बसवला आणि तोंडावर शिसमचाच तुकडा, रेषा जुळवून.

पण मंडळी, तडा सांधणं हे अर्धंच काम आहे. तो का गेला हे शोधलं नाही तर पुन्हा जाणारच. स्प्रिंग रायफलीत दट्ट्या (पिस्टन) पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते, आणि दट्ट्या पुढे जाऊन थांबला की ती पुढे झटका खाते. प्रत्येक छर्ऱ्याला दोन उलटसुलट धक्के. स्क्रू सैल असतील तर सगळा लोखंडी भाग दस्त्यात मागेपुढे सरकतो आणि त्याचं मागचं टोक लाकडावर पाचरीसारखं आपटतं. माझ्या दस्त्यात नेमकं हेच झालं होतं. मागच्या टोकाशी लाकूड दबून चकचकीत झालेलं दिसत होतं.

म्हणून या वेळचा बहुतेक वेळ बसणीत, म्हणजे लोखंडी भाग लाकडात नीट टेकवून बसवण्यात गेला, आणि मला तरी या छंदातला सगळ्यात आनंदाचा भाग हाच वाटतो. तेलात कालवलेली काजळी लोखंडी भागाला अगदी पातळ लावायची, तो सरळ दस्त्यात दाबायचा, सरळच वर काढायचा. लाकडावर काळं उमटलं तेवढंच धारदार पटाशीने खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं. सुरुवातीला दोनचार ठिपकेच उमटतात, मग हळूहळू दोन्ही कडांवर सलग काळी पट्टी येते. ती आली की थांबायचं. मागच्या टोकाशी मात्र मुद्दाम जाड कागदाएवढी फट ठेवली आहे. धक्का स्क्रूंनी आणि कडांनी घ्यावा, त्या टोकाने नाही.

स्क्रूखालचं लाकूडही चेपलं होतं. सातपूरच्या एका लेथवाल्याकडून पितळी बुश (स्क्रूभोवतीच्या पोकळ नळ्या) करून घेतले, लाकडाच्या जाडीएवढेच लांब, आणि एपॉक्सीत बसवले. आता स्क्रू आवळला की तो पितळेवर आवळला जातो, लाकूड चेपत नाही.

नाशिककरांसाठी एक गोष्ट: आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी आणि पावसाळ्यात एकदम दमट. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रेषांच्या आडवं फुगतं. उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी गच्च बसवलेला दस्ता श्रावणात लोखंडाला आवळतो. बाजूंना केसाएवढी मोकळीक ठेवा.

वरच्या खोचा ओलं कापड आणि गरम इस्त्रीने वर आल्या. जिथे तंतू तुटले होते तिथे नाही आल्या, त्या तशाच ठेवल्या. पॉलिश पेपर १२० पासून ३२० पर्यंत, मध्ये पाण्याचा हात फिरवून उठलेली लव कापली. आता डबल बॉइल्ड अळशीचं तेल हाताने चोळतोय. लावायचं, जिरू द्यायचं, वरचं पुसून काढायचं आणि पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा हात नाही. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका. हे तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि गोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मी ती पाण्यात बुडवतो, नाहीतर अंगणात सुटी पसरतो.

खोलताना आणि जोडताना नळीत छर्रा नाही आणि स्प्रिंग ताणलेली नाही हे दर वेळी बघा. स्प्रिंगच्या भागाला मी हात लावलेला नाही, त्याला दाबयंत्र लागतं.

पुढे मागच्या रबरी पट्टीखाली लाकडी चकती घालून दस्त्याची लांबी वाढवायची आहे, ट्रिगरपर्यंत बोट जरा आखडून जातं. चकतीसाठी साग की शिसमच, यावर कुणाचा अनुभव असेल तर कळवा. सागही तेलकट असतो, त्यामुळे चिकटवण्याआधी तो कशाने पुसता हेही सांगा.