आधी डबा, मग कॅमेरा

पाण्याखालच्या कॅमेऱ्याचा हिशेबच उलटा आहे. जमिनीवर आपण आधी हौसेने कॅमेरा घेतो आणि मग उरल्यासुरल्या पैशांत त्याची बॅग. समुद्रात मात्र डबाच भाव खाऊन जातो. डबा म्हणजे हाउसिंग, ज्यात कॅमेरा बंद करून खाली न्यायचा ते. नॉटिकॅमसारख्या कंपनीचं अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग घ्यायला गेलात तर त्याचं बिल आतल्या कॅमेऱ्याच्या बिलालाही मागे टाकू शकतं. पुढची काच, म्हणजे पोर्ट, बहुतेक वेळा वेगळी घ्यावी लागते. एवढं करून तो डबा एकाच मॉडेलला बसणार. कंपनीने पुढच्या मॉडेलमध्ये एक बटण जरासं सरकवलं की आपला लाखमोलाचा डबा शोकेसमध्ये जातो. म्हणून या नादातले मुरलेले लोक कॅमेऱ्याच्या जाहिराती वाचतच नाहीत. कुठल्या मॉडेलला बरं हाउसिंग मिळतंय, एवढंच बघतात.

एक काळ असा होता की डब्याची भानगडच नव्हती. निकॉनने 1963 मध्ये निकोनॉस बाजारात आणला. मूळ कॅमेरा फ्रान्समधला, समुद्रशोधक जाक कुस्तोंच्या गोतावळ्यात जन्मलेला कॅलिप्सो. त्याचं अंगच पाणबंद होतं. तो गळ्यात अडकवायचा आणि सरळ उडी मारायची. सुखाला खोट एवढीच की बहुतेक निकोनॉसमध्ये मासा किती लांब आहे ते आपणच नजरेने ताडून भिंगावर लावायचं. पाण्यात वस्तू चतुर्थांशाने जवळ भासते, पण भिंगालाही ती तशीच भासते, त्यामुळे डोळ्याला दिसेल ते अंतर लावलं की काम भागायचं. 2001 मध्ये निकोनॉस बंद झाला आणि आपण सगळे पुन्हा डब्यात शिरलो.

पुण्यात राहणारा माझा भाचा तारकर्लीला स्कूबाचा कोर्स करून आला आणि लगेच फोन. ‘मामा, कॅमेरा कोणता घेऊ?’ मी विचारलं, ‘पाणी कुठलं?’ त्याला वाटलं मी विषय टाळतोय. पण खरा प्रश्न तोच आहे. अंदमानात, लक्षद्वीपला पाणी नितळ असतं. तिथे रुंद भिंग (वाइड अँगल लेन्स), घुमटासारखा डोम पोर्ट, समोर प्रवाळाची अख्खी भिंत, हे सगळं शोभतं. (सपाट काचेमागे रुंद भिंग लावलं की पाणी त्याची रुंदी खाऊन टाकतं, म्हणून तो घुमट.) मालवणचं पाणी हिरवट आणि मनस्वी. ऐन हंगामातही आज बऱ्यापैकी लांबचं दिसतं, उद्या जोडीदाराच्या पायातले फिनसुद्धा धूसर. अशा पाण्यात रुंद भिंग नेलं तर गढूळपणाचाच रुंद फोटो येतो.

मालवणात मजा आहे ती वीतभर अंतरात. भिंग आणि विषय यांच्यामध्ये पाणीच ठेवायचं नाही, की गढूळ राहतं बिचारं मागच्या मागे. ऑलिम्पसच्या टफ मालिकेतले छोटे कॅमेरे, म्हणजे टीजी-6 किंवा आता ओएम सिस्टिम नावाने येणारा टीजी-7, इथे भल्याभल्यांना भारी पडतात. भिंगापासून सेंटिमीटरभरावरची वस्तूही ते टिपतात. डब्याशिवाय 15 मीटरपर्यंत चालतात, त्यांच्या पॉलिकार्बोनेटच्या हाउसिंगमध्ये 45 पर्यंत. खडकावर नखाएवढी समुद्री गोगलगाय सरकत असते. नुसत्या डोळ्यांना ती रंगाचा एक ठिपका दिसते. मायक्रोस्कोप मोड लावून कॅमेरा तिच्या नाकाशी नेला की पाठीवरची कल्ल्यांची पिसारेदार गुंडी दिसते, डोक्यावरची दोन शिंगं दिसतात, आणि तेवढ्यात लाट आपल्याला अर्धा फूट मागे नेते. परत या, परत शोधा. गोप्रोने, म्हणजे त्या काडेपेटीवजा अ‍ॅक्शन कॅमेऱ्याने, हे जमत नाही, त्याला अगदी जवळचं धूसर दिसतं. मात्र पोहत पोहत व्हिडिओ काढायचा तर त्याच्याइतकं बिनडोकेदुखीचं काही नाही. मोबाइल आणि गळ्यातलं प्लास्टिकचं पाकीट यांबद्दल मी बोलणार नाही. फोनचा पाणबंदपणा गोड्या, स्थिर पाण्यात तपासलेला असतो, एवढं आठवण म्हणून पुरे.

उजेडाचं मात्र आधीच ठरवलेलं बरं. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं. पाच-सहा मीटरवरच लाल मरगळतो, आणखी खाली बोट कापलं तर रक्त हिरवट दिसतं. निळ्या पाण्यात लाल फिल्टर चालतो, आपल्याकडच्या हिरव्या पाण्याला मजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी, हवा. त्यापेक्षा दिवा बरा. फोटोला स्ट्रोब, म्हणजे पाण्याखालचा फ्लॅश, व्हिडिओला सलग जळणारा लाइट. तोही भिंगाला चिकटून नको. लांब दांड्यांवर बाजूला हवा, नाहीतर पाण्यातला प्रत्येक कण उजळतो आणि फोटोभर पांढरे ठिपके. माझ्या मते मधल्या बजेटवाल्याने कॅमेऱ्यात हात आखडावा आणि वाचलेले पैसे दिव्यात घालावेत. दुकानदार याच्या उलट सांगेल.

आता ओ-रिंग, झाकणाच्या सांध्यात पाणी अडवणारी. लाख रुपयांचा जीव ज्या रबरी कड्यावर टांगलेला, ते हातात घेतलं तर कुकरच्या रिंगेची धाकटी बहीण. ती खाचेतून काढायची ती बोटांनी दाबून, फुगवटा आणून. सुईने, चाकूने अजिबात नाही. चिमटीतून हळूहळू फिरवायची. वाळूचा एक कण, फडक्याचा एक धागा, डोक्याचा एक केस, काहीही बोटाला लागलं पाहिजे. मग कंपनीच्याच ग्रीसचा मसुराएवढा थेंब. रिंग फक्त चमकली पाहिजे. जास्त ग्रीस लावलं की उलट कचराच धरतं. हे काम आदल्या रात्री, एसीच्या खोलीत, पंखा बंद करून. सकाळी होडीवर कोकणातली दमट हवा डब्यात कोंडली की खाली थंड पाण्यात काच आतून धुकटते आणि ती पुसायला बोट घालता येत नाही.

लोकांना वाटतं, खोल गेल्यावर डबा गळतो. बहुधा उलट होतं. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो आणि तोच दाब झाकण रिंगेवर घट्ट बसवतो. घोटाळा होतो तो वरच्या वर, लाटांत, होडीवरून उडी मारताना. म्हणून नवा डबा आधी बादलीत बुडवून बुडबुडे बघायचे. मग पहिल्या डाइव्हला तो रिकामाच खाली न्यायचा, आत कोरडा टिश्यू पेपर आणि थोडं वजन ठेवून. होडीवरचे लोक रिकामा डबा मिरवणाऱ्या माणसाकडे बघतात ते बघू द्यावं. पैसे असतील तर व्हॅक्यूमची सोय घ्यावी. आतली हवा थोडी ओढून घेतली की हिरवा दिवा लागतो, आणि गळती असेल तर ती किनाऱ्यावरच कळते.

भाच्याने सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, ‘मग ऑर्डर करू?’ म्हटलं, आधी पाण्यात एका जागी तरंगून दाखव. हातात कॅमेरा आला की माणूस गुडघे टेकतो, फिन आपटतो, दहा वर्षांत चार बोटं वाढलेलं प्रवाळ एका लाथेत मोडतो आणि उडालेल्या वाळूत स्वतःचाच फोटो घालवतो. शिवाय भाच्याची एक जुनी खोड आहे. मालवणच्या पॅकेजमध्ये गाइड जो व्हिडिओ काढून देतो, त्यात कॅमेरा बघून त्याने दिमाखात अंगठा वर केला होता. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’. गाइडने बिचाऱ्याने त्याला मुकाट्याने वर नेलं.