वावभर रोल

पुतण्या परवा घरी आला आणि चपला काढता काढताच म्हणाला, "काका, तुझा फेवरिट फिल्म स्टॉक कोणता?"

मला आधी शेअर बाजारातलं काहीतरी वाटलं. मग लक्षात आलं, हा रोलबद्दल बोलतोय. माळ्यावरचा माझा जुना कॅमेरा गेल्या दिवाळीत त्याने उतरवून नेला, तेव्हापासून त्याला हे वेड लागलंय. हल्ली एका रोलची किंमत काय आहे ते त्याच्याकडून कळलं आणि मी गप्प बसलो. तेवढ्यात आमच्या वेळी अख्खं बारसं अल्बमसकट निघालं असतं.

'फिल्म स्टॉक' हा शब्द आमच्या तोंडी नव्हताच. रोल. रोल भरायचा, रोल संपवायचा, रोल धुवायला टाकायचा. फोटो कपड्यांसारखेच धुतात आणि दोरीवर चिमट्याने वाळत घालतात, एवढं ज्ञान प्रत्येक घरात होतं, आणि ते फारसं चुकीचंही नव्हतं.

पुतण्याने मला विचारायचं कारण एवढंच की १९९१ च्या उन्हाळ्यात, बारावीची परीक्षा देऊन रिकामा बसलो होतो तेव्हा, मी साताऱ्यातल्या एका फोटो लॅबमध्ये दोन महिने काम केलं होतं. दोनच महिने. पण त्याने मित्रांना "माझा काका फिल्म लॅबमध्ये होता" असं सांगून ठेवलंय, त्यामुळे मलाही आता त्या थाटात वागावं लागतं. मी एखादं भारदस्त नाव घेईन अशी त्याची अपेक्षा होती. ट्राय-एक्स म्हणेन, कोडाक्रोम म्हणेन. तो स्वतः पोर्ट्रा नावाच्या रोलवर कातडीचा रंग कसा लोण्यासारखा येतो आणि सिनेस्टिल नावाच्या रोलवर दिव्यांभोवती लाल वलयं कशी उमटतात, त्यावर दहा मिनिटं बोलला.

मी म्हटलं, "लॅबमध्ये आवडता रोल फोटोवरून ठरत नाही रे."

"मग?"

"त्रासावरून."

आमच्या लॅबला दोन तोंडं होती. पुढे रस्त्यावर काचेचं दार, आत थंडगार हवा आणि रंगीत फोटोंचं भलंमोठं मशीन. मागे बोळात अण्णांची डार्करूम. रंगीतचा जमाना येऊन बरीच वर्षं झाली होती, पण पासपोर्टचे फोटो, शाळांची ओळखपत्रं आणि एक-दोन वार्ताहर यांच्या जिवावर अण्णांचा ब्लॅक अँड व्हाइट संसार चालला होता.

अण्णा शंभर फुटी डबा आणत. म्हणजे तीसेक मीटर फिल्म एकाच चकतीवर. ती अंधारात कापायची, रिकाम्या डब्यांमध्ये भरायची, झाले अठरा-एकोणीस रोल. मोजायला यंत्र मिळायचं, पण अण्णांचं माप एकच होतं, वाव. विहिरीचा दोर मोजतात तसे दोन्ही हात पसरायचे, एका मुठीपासून दुसऱ्या मुठीपर्यंत फिल्म ताणायची आणि कात्री लावायची. छत्तीस फोटोंच्या रोलला साडेपाच फुटांच्या आसपास फिल्म लागते आणि अण्णांची उंचीही तेवढीच, त्यामुळे हिशेब चोख बसायचा. मी त्यांच्यापेक्षा पाच-सहा इंच उंच. मी भरलेल्या रोलमध्ये अडतीस-एकोणचाळीस फोटो निघायला लागले तेव्हा वार्ताहर खूश झाले आणि मालकांनी माझे हात बघायला मागितले.

हे सगळं मिट्ट काळोखात. सिनेमात दाखवतात तो लाल दिवा कागदापुरता असतो, फिल्मला तोही चालत नाही. लाल उजेडात निगेटिव्ह धुणारा नायक पडद्यावर दिसला की मला अजून राहवत नाही आणि बायको मला कोपराने ढोसते.

अण्णांचा जीव होता ऑर्वोवर. ऑर्वो म्हणजे ओरिजिनल वोल्फेन. पूर्व जर्मनीतल्या वोल्फेन गावचा कारखाना, मुळात आग्फाचा. देशाची फाळणी झाली, नावावरून वाद झाले आणि १९६४ पासून त्यांनी हे नवं नाव घेतलं. मी कामाला लागलो तोवर पूर्व जर्मनी नकाशावरून जाऊन सहा-सात महिने झाले होते, पण अण्णांच्या फडताळात तिचे डबे रचून ठेवलेले होते. आपल्याकडे इंदूही होती. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची, सरकारी, अस्सल देशी. अण्णा इंदू वापरत, पण कौतुक ऑर्वोचं. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "इंदू घरची, ऑर्वो पाहुणी. घरचीला कोण नावाजतं?" आणि मग जरा थांबून खरं कारण सांगितलं. "ती रिळात भांडत नाही."

हे ज्याने अंधारात फिल्म भरली आहे त्यालाच कळेल. फिल्म धुवायच्या टाकीतल्या रिळाला चकलीसारखे खाचे असतात. त्यात ती फिल्म गोल गोल सरकवायची, तीही अशी की एका वेटोळ्याला दुसरं शिवता कामा नये. शिवलं तर तिथे औषध पोहोचत नाही. काही फिल्म मुळातच रुसलेल्या असतात, हात सुटला की स्वतःभोवती गुंडाळी करून बसतात. मेच्या उकाड्यात बंद खोली, तळहाताला घाम आणि हातात असली रुसकी फिल्म. त्या वेळी तुम्हाला तिच्या करड्या छटाबिटा आठवत नाहीत, तिचं खानदान आठवतं.

उन्हाळ्याचं आणखी एक दुखणं होतं. ब्लॅक अँड व्हाइटची औषधं २० अंशांवर लागतात आणि साताऱ्याच्या नळाला मेमध्ये तीसच्या पुढचं पाणी. फिल्मवरचा थर म्हणजे चांदीचे क्षार मिसळलेलं जिलेटिन, एका अर्थी जेलीच. ऊन पाणी लागलं की ती फुगते, मऊ पडते, नख लागलं तरी ओरखडा. म्हणून रोज अकरा वाजता समोरच्या सरबताच्या गाडीवरून मी बर्फ आणायचो. बर्फवाल्याला वाटायचं आम्ही आत मजा करतो.

हे जिलेटिन येतं गुरांच्या हाडा-कातड्यातून. अण्णा माळकरी, अंडंसुद्धा वर्ज्य. मी ही माहिती त्यांना कधी दिली नाही, त्यांना ती असणारच. पण त्याहून भारी गोष्ट मला पुष्कळ नंतर वाचायला मिळाली. कोडॅकच्या शास्त्रज्ञांना १९२० च्या दशकात एक कोडं पडलं होतं. कुठलं जिलेटिन फिल्मला तल्लख बनवायचं, कुठलं मंद. शोध घेता घेता ते गंधकाच्या अंशापर्यंत पोहोचले, आणि तो गंधक आला होता गुरांनी चरताना खाल्लेल्या मोहरीच्या जातीच्या झाडपाल्यातून. म्हणजे जगभरचे लग्नाचे फोटो एका अर्थी मोहरीच्या फोडणीवर निघालेत. अण्णा असते तर हे सांगायला मी धावत गेलो असतो.

पुढच्या मशीनवर बापू बसायचे. त्यांची आवड वेगळी. रंगीत फिल्म मशीनमध्ये गेली की डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं औषध, ३७.८ अंशांवर, सव्वातीन मिनिटं, त्यात ढवळाढवळ नाही. ३७.८ म्हणजे शंभर फॅरनहाइट, माणसाला जरा कणकण असते तेवढं. खरं काम पुढे, छापताना. एकेक निगेटिव्ह डोळ्यांसमोर येणार आणि बापूंची बोटं पिवळा, किरमिजी, निळा, उजेड कमी, उजेड जास्त, अशी पेटीवाल्यासारखी फिरणार. त्यांना कोडॅक गोल्ड आवडायचा, कारण तो चुका पोटात घालतो. "निगेटिव्हला अजीर्ण चालतं, उपास चालत नाही," हे बापूंचं वाक्य. उजेड दुप्पट-चौपट जास्त पडला तरी रंगीत निगेटिव्ह सावरून घेते. कमी पडला तर पातळ ताक, त्यातून लोणी काढणार कुठून? मात्र हळदीच्या कार्यक्रमाला कोडॅक आला की बापू कपाळाला हात लावायचे. गोल्डचा कल मुळात पिवळ्याकडे, त्यात नवरी, आत्या, मावश्या आणि पाट सगळंच पिवळं. आणि पावसाळ्यात कासला जाऊन आलेले रोल फुजीचेच असावेत, असं त्यांचं मत होतं. फुजीचा हिरवा रंग पाहून ते खुर्चीत मागे रेलून बसायचे.

मशीनच्या बाजूला एक कार्ड चिकटवलेलं असायचं. एक गोरी बाई, रंगीत कपडे, हसरा चेहरा. तिचा रंग बरोबर आला की मशीन बरोबर. या कार्डांना जगभरच्या लॅबमध्ये 'शर्ली' म्हणत, कोडॅकमधल्या शर्ली नावाच्या पहिल्या मॉडेलवरून. आता गोऱ्या बाईच्या मापाने लावलेल्या यंत्रात आमच्या माणदेशातला उन्हात रापलेला नवरदेव कसा यायचा? डोळे आणि दात तेवढे दिसायचे. पुढे कोडॅकने गडद छटा सुधारल्या, त्यामागे फर्निचरवाल्यांच्या आणि चॉकलेटवाल्यांच्या तक्रारीही होत्या म्हणतात. लाकडाचे आणि चॉकलेटचे तपकिरी नीट दिसेनात म्हणून! काळ्या माणसांचं गाऱ्हाणं तोवर कोणी फारसं मनावर घेतलं नव्हतं, हे वाचून मला राग आला होता, आणि त्याच वेळी आमच्या काउंटरवरची रोजची मागणीही आठवली होती. "नवऱ्याला जरा उजळ काढा." नवऱ्याला उजळ करावं तर शेजारची पावडर लावलेली नवरी फोटोतून नाहीशी होणार. बापू मग एका हाताच्या पंजाने नवरीवरचा उजेड अडवण्याचा अभिनय करायचे. मशीनमध्ये तशी सोय नव्हती, हे नुसतं गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

काउंटरवर ताई. त्यांनी आयुष्यात कॅमेरा हातात धरला नव्हता, पण रोलबद्दल सर्वांत ठाम मत त्यांचंच. ज्याच्या कडेचे आकडे ठळक उमटतात तो रोल चांगला. फिल्मच्या कडेला कंपनीचं नाव आणि फोटोंचे नंबर असतात, ते कारखान्यातच उजेडाने उमटवलेले असतात आणि धुतल्यावर दिसतात. तर व्हायचं असं की महाबळेश्वरचं हनीमून करून आलेला माणूस रोल द्यायचा आणि निघायचा सगळा कोरा. माणूस काउंटरवर हात आपटायचा, तुम्ही रोल जाळलात! ताई शांतपणे ती लांबलचक पारदर्शक पट्टी ट्यूबलाइटसमोर धरायच्या. "आकडे आलेत बघा. म्हणजे औषध बरोबर लागलंय. फोटो नाहीत, कारण रोल कॅमेऱ्यात अडकलाच नव्हता, तुम्ही नुसतं खटक खटक करत होतात." आकडेही आले नसते तर चूक आमची. पण मी असेपर्यंत आकडे नेहमी आले. एकदा सोडून, आणि तेव्हा टाकीत डेव्हलपरच्या आधी हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं औषध, ओतणारा मीच होतो. कोणाच्या तरी मुंजीचा रोल. अण्णा टोपी घालून स्वतः त्या घरी सांगायला गेले, मला नेलं नाही.

ताईंना डार्करूममध्ये काम करायचं होतं, पण बाईला अंधाऱ्या खोलीत कशाला पाठवायचं, असं मालकांचं म्हणणं. मला तेव्हा दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई माहीत असत्या तर मालकांना सांगितलं असतं. १९१२-१३ मध्ये दादरच्या घरात फिल्म धुणं तर होतंच, पण तेव्हा कोरी फिल्म भोकांशिवाय यायची, तिच्या कडांना भोकं पाडायचं कामही त्या करत. शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक. त्यांना आवडती फिल्म कोणती, हे कोणी विचारलं असेलसं वाटत नाही.

पुतण्या इतका वेळ ऐकत होता. म्हणाला, "आणि कोडाक्रोम?" तो आमच्या लॅबमध्ये धुतला जात नव्हता, मग आवडणार कसा? पण त्याच्या शेवटाची गोष्ट मला आवडते. कोडाक्रोमची फिल्म १९३५ पासूनची. ती २००९ मध्ये बंद झाली, आणि धुणारी जगातली शेवटची लॅब उरली अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी. ३० डिसेंबर २०१० पर्यंत आलेले रोल घेणार, असं त्यांनी जाहीर केलं आणि जगभरातून लोक पोती भरभरून रोल घेऊन आले. सर्वांत शेवटचा रोल लॅबच्या मालकाचा, आणि त्याच्या शेवटच्या फ्रेममध्ये दुकानासमोर सगळ्या कामगारांना उभं करायचं असं ठरलं होतं. आमच्या लॅबमध्ये हे कोणाला सुचलं नाही. हजारो लोकांचे चेहरे धुणाऱ्या अण्णांचा एकही फोटो माझ्याकडे नाही. लॅबच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

शेवटी पुतण्या मला पुण्यातल्या त्याच्या लॅबमध्ये घेऊन गेला. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, हायपोचा तोच आंबूस वास, आणि पंचविशीची एक मुलगी हातमोजे घालून काम करत असलेली. मी तिला पुतण्याचाच प्रश्न विचारला. ती लगेच म्हणाली, "एचपी-फाइव्ह." पुतण्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. आता ती छटांबद्दल बोलणार अशी त्याची खात्री होती.

"सरळ वाळते," ती म्हणाली. "स्कॅनरमध्ये भांडत नाही."

मग तिने पुतण्याचा धुतलेला रोल दिव्यासमोर धरला. निगेटिव्ह वाचायची सवय जात नाही, सायकलसारखी. लॅबमध्ये असताना येणारीजाणारी माणसं मला आधी उलटी ओळखू यायची. पांढऱ्या केसांच्या नवऱ्या, काळे दात, आणि काळ्याभोर केसांच्या आज्या. अण्णा म्हणायचे, म्हातारपण घालवायचं तर इथे येऊन बसावं. मी पट्टीवरून डोळे फिरवत गेलो. पर्वती, कुठलीशी सायकल, मांजर, पुन्हा मांजर. मग आमचा दिवाणखाना, आणि खुर्चीत चहा पिणारा कोणीतरी काळ्या कुळकुळीत केसांचा, काळ्या मिशांचा माणूस.

"निगेटिव्ह परत हवेत का?" मुलीने विचारलं. "बरेच जण नेत नाहीत."

पुतण्या नको म्हणायच्या आत मी म्हटलं, हवेत.