एरर नाणी: विचित्र बाजू राहू द्या, आधी पाठ बघा

परभणी आणि सेलूच्या आठवडी बाजारातून जमवलेला 'एरर'चा, म्हणजे टांकसाळीत चुकीची छापली गेली असं सांगून विकतात त्या नाण्यांचा, ढीग एकदाचा तपासून झाला. बहुतेक नाणी परत किराणा दुकानात खर्ची पडली.

पाकिटात राहिलं ते दोन रुपयांचं 'क्लिप', म्हणजे कडेचा तुकडा कमी असलेलं नाणं. पत्र्यातून चकत्या पाडताना पंच आधीच्या भोकावर चढला की चंद्रकोरीएवढा भाग कमी पडतो. मग कड उठवणाऱ्या यंत्रात त्या जागी दाबच बसत नाही, म्हणून कापाच्या बरोबर समोरची कडही पुसट राहते. हाच ब्लेकस्ली इफेक्ट. भिंगाखाली तो स्वच्छ दिसला, वजनही ४.८५ ग्रॅमच्या खाली. कानस मारलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते.

'लाखी' म्हणतात त्या एरर नाण्याचंही तसंच. आधीचं नाणं डायला (छापायच्या ठशाला) चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याची उलटी, खोलगट छाप उठते. मागची बाजू मात्र नेहमीसारखी ठसठशीत. शहागंजात एक चाचा "लाखी है साब" म्हणून एक रुपया दाखवत होते. म्हटलं, "चाचा, पीछे के शेर तो चपटे हो गए." शिकंज्यात दोन नाणी दाबलेली! चाचा हसले, भाव निम्मा केला. तरी नाही घेतलं.

दहाच्या नाण्याचा मधला भाग उलटा बसलेला दिसला तर वेळ घालवू नका. रिंग आणि मधली चकती टांकसाळीत एकाच ठोक्यात जुळतात आणि छापही तेव्हाच उठते. उलटा बसवलेला भाग म्हणजे कुणीतरी ठोकून काढलेला. सांध्यावर ओरखडे सापडतातच.

आपल्याकडं शिवराई खूप निघते. 'राजा शिव' अर्धंच दिसतं म्हणून तिला एरर म्हणणाऱ्यांना काय सांगावं? हातानं ठोकलेलं नाणं, ठसा चकतीपेक्षा मोठा. पूर्ण अक्षरं दिसली तर नवल.

(जुनी नाणी लाखोंना घेतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्येच सांगितलंय. तरी रोज कुणीतरी विचारतंच.)

बाकी आहे एक कोरी चकती. कड उठलेली, चुंबकाला चिकटते, सराफाच्या काट्यावर ३.७८ ग्रॅम, २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ चा. घासून सपाट केलेला रुपया इतका भरणार नाही. पण वर्कशॉपमधली स्टीलची चकतीही असू शकते, म्हणून पाकिटावर तूर्त पेन्सिलीनं 'बहुधा' लिहिलंय.